ब्रॉन्कोस्कोपी : खालच्या लोबमध्ये गेलं की दिशा हरवते, नॉर्मल अ‍ॅनाटॉमी स्क्रीनवर वाचायची कशी?

श्वसन_निवासी

नमस्कार. छातीरोग विभागात पहिलं वर्ष सुरू आहे. ब्रॉन्कोस्कोपी (स्कोप म्हणजे कॅमेऱ्याची लवचीक नळी घालून श्वासमार्ग आतून पाहणं) शिकतोय. बी१ ते बी१० (फुप्फुसाच्या लोबचे, म्हणजे मोठ्या भागांचे, जे सेगमेंट पडतात त्यांच्या नळ्यांचे क्रमांक) कागदावर काढता येतात, स्क्रीनवर मात्र गोंधळ होतो. विभागात ज्याला विचारावं तो वेगळी युक्ती सांगतो, म्हणून नेमके प्रश्न इथे मांडतो.

१) काही सर डोक्यामागे उभे राहून स्कोप घालतात, काही रुग्णाला अर्धवट बसवून समोरून. चित्र उलटतं. मग ‘३ वाजता’, ‘६ वाजता’ हे घड्याळ कोणतं धरायचं?

२) उजवीकडे इंटरमीडियस ब्रॉन्कसच्या (अप्पर लोबचा फाटा गेल्यावर खाली जाणारी नळी) टोकाशी मिडल लोब कोणता आणि बी६ कोणता, यात हमखास अदलाबदल होते. त्यापुढे बेसल (लोअर लोबच्या तळाचे) सेगमेंट मोजताना आणखी.

३) डाव्या बाजूला बी७ शोधायचा की नाही?

४) नॉर्मल म्हणजे किती नॉर्मल? काळे डाग, लाल ठिपके, खोकल्यात मागची भिंत आत येणं, यातलं रिपोर्टमध्ये काय लिहायचं?

---

करायना_आधी

आधी मागची भिंत शोधा, घड्याळ त्यानंतर.

श्वासनलिका मोठ्या माणसात १० ते १२ सेंटिमीटर लांब. कूर्चेची १६ ते २० कडी समोरून आणि बाजूंनी, मागे मात्र ती उघडी. तिथे स्नायूचा सपाट पडदा असतो आणि त्यावर उभ्या, फिकट पिवळसर रेघा दिसतात. हे लवचीक तंतूंचे पट्टे. करायनाशी (श्वासनलिका दोन मुख्य ब्रॉन्कसमध्ये फुटते ती कड) ते दोन भागांत विभागून दोन्ही मुख्य ब्रॉन्कसच्या मागच्या भिंतीवरून सरळ लोअर लोबपर्यंत उतरतात. लोबच्या पातळीला कड्यांचे तुकडे होतात आणि नळी सगळीकडून सारखीच गोल दिसू लागते, तेव्हाही या रेघा मागची बाजू दाखवतात. रस्ता चुकलात तर त्या दिसेपर्यंत मागे या. तरीही खात्री नसेल तर थेट करायनापर्यंत या. अंदाजाने पुढे जाऊ नका.

घड्याळाचा गोंधळ होतो कारण घड्याळं दोन आहेत. चित्राच्या कडेला जी छोटी खाच असते ती टोक ‘वर’ कुठे वाकेल ते सांगते, रुग्णाची पुढची बाजू सांगत नाही. मनगट फिरवलं की खाच जागेवरच राहते आणि शरीर तिच्याभोवती फिरल्यासारखं दिसतं. म्हणून पुस्तकातलं ‘३ वाजता’ हे मनगट सरळ असतानाच खरं. डोक्यामागून काम करताना मागची भिंत ६ वाजता आणि रुग्णाची उजवी बाजू स्क्रीनच्या उजवीकडे. समोरून करताना सगळं १८० अंशांनी फिरतं: मागची भिंत १२ वाजता, रुग्णाची उजवी बाजू स्क्रीनच्या डावीकडे. प्रत्येक आकड्यात ६ मिळवा, काम झालं. दोन्ही पद्धती चालतात, पण शिकताना पहिले काही महिने एकच धरा. खाली लिहितोय ते सगळं डोक्यामागून उभं राहून.

उजवी बाजू. मुख्य ब्रॉन्कस आखूड (दीड ते अडीच सेंटिमीटर), रुंद आणि जवळजवळ उभा. अप्पर लोबचं तोंड ३ वाजता, बाहेरच्या भिंतीत. मनगट घड्याळाच्या दिशेने ९० अंश फिरवा आणि हँडलवरचा लिव्हर खाली दाबा, म्हणजे टोक वर वाकेल. आता चित्रात वर बी१ (एपिकल), उजवीकडे बी२ (पोस्टेरियर) आणि डावीकडे बी३ (अँटेरियर). मर्सिडीजचं चिन्ह म्हणतात ते हेच. बाहेर येताना आधी लिव्हर सोडा, मग मनगट सरळ करा, मग स्कोप मागे घ्या. हा क्रम चुकला की टोक भिंतीवर घासतं आणि बाहेर आल्यावर आपण किती फिरलोय याचा हिशेब राहत नाही.

इंटरमीडियस दोनेक सेंटिमीटरचा. त्याच्या टोकाशी मनगट सरळ ठेवून थांबा आणि एकाच चित्रात तिन्ही तोंडं पाहा. १२ वाजता मिडल लोब, म्हणजे पुढच्या भिंतीतलं आडवं अर्धगोल तोंड. ६ वाजता, त्याच पातळीवर किंवा किंचित खाली, बी६. मध्ये सरळ खाली जाणारा बेसल मार्ग. मिडल लोब आणि बी६ समोरासमोर असतात, म्हणून मनगट अर्धवट फिरलेलं राहिलं की अदलाबदल ठरलेली. अप्पर लोबमधून बाहेर पडताना राहिलेले ते ९० अंशच बहुतेक वेळा यामागे असतात. रेघा ज्या तोंडाकडे जातात ते बी६, कूर्चेच्या बाजूचं ते मिडल लोब. मिडल लोबमध्ये बाहेरच्या बाजूला बी४ आणि आतल्या बाजूला बी५.

बी६ ओलांडून थोडं खाली, आतल्या भिंतीत, ९ ते १० च्या दरम्यान बी७. हा लहान असतो आणि भरभर गेलात तर सुटतो. मग बी८ साधारण १ ते २ वाजता, बी९ ३ वाजता, बी१० ५ ते ६ वाजता. उजवीकडे ८-९-१० घड्याळाच्या दिशेने जातात, डावीकडे उलट दिशेने. एवढं डोक्यात पक्कं असेल तर बेसलचं निम्मं काम सोपं होतं.

डावी बाजू. मुख्य ब्रॉन्कस ४ ते ५ सेंटिमीटर, तिरका. वरून महाधमनीची कमान जाते, त्यामुळे भिंत धडधडताना दिसते. ते नॉर्मल आहे. टोकाशी दुसरी करायना: बाहेर-वर अप्पर लोब, खाली-मागे लोअर लोब. अप्पर लोबसाठी मनगट घड्याळाच्या उलट दिशेने ९० अंश फिरवून टोक वर वाकवा. चित्रात वरचं तोंड अप्पर डिव्हिजनचं, खालचं लिंग्युलाचं (डाव्या अप्पर लोबचा खालचा भाग). अप्पर डिव्हिजन एकदम वर चढतो, त्यामुळे लिव्हर बराच दाबावा लागतो. आत गेल्यावर बी१+२ वर आणि डावीकडे, बी३ उजवीकडे. लिंग्युलात वरचा बी४, खालचा बी५. उजव्या मिडल लोबमध्ये हेच दोन क्रमांक बाहेर-आत असे आहेत आणि इथे वर-खाली, हे वेगळं लक्षात ठेवा.

डावा बी६ लोअर लोबच्या तोंडातून आत शिरल्या शिरल्या ६ वाजता येतो, उजवीकडच्यापेक्षा लवकर. तो ‘सापडत नाही’ तेव्हा तो बहुधा मागे राहिलेला असतो.

डाव्या बी७ बद्दल: मिडियल आणि अँटेरियर बेसल बहुधा एकाच देठावर असतात, म्हणून बी७+८ लिहितात. वर बी१+२ एकत्र, खाली हे दोन एकत्र, म्हणून उजवीकडे दहा आणि डावीकडे आठ. काही जणांत डावा बी७ स्वतंत्र दिसतो. दिसला तर लिहा, न दिसला तर शोधत बसू नका.

---

भूल_आणि_श्वास

वरच्या उत्तरात भूलतज्ज्ञाच्या बाजूने भर.

स्कोपखाली ‘मी उजवीकडेच आहे’ याची सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे उजव्या अप्पर लोबची तीन तोंडं. डाव्या डबल-लुमेन ट्यूबची (दोन्ही फुप्फुसांना वेगवेगळी हवा देणारी दोन पोकळ्यांची नळी) जागा तपासताना आम्ही ट्रेकियल लुमेनमधून उतरून आधी ती तीन तोंडं पाहतो, मग करायनाखाली डाव्या ब्रॉन्कसमध्ये निळ्या कफची (ट्यूबवरचा फुगा) वरची कड जेमतेम दिसते का ते पाहतो. डावी ट्यूब पसंत करण्यामागेही हीच अ‍ॅनाटॉमी आहे. उजवा मुख्य ब्रॉन्कस इतका आखूड की उजव्या ट्यूबचा कफ जरा सरकला तरी अप्पर लोबचं तोंड बंद होतं.

पण ‘तीन तोंडं’ हा नियम आंधळेपणाने वापरू नका. उजव्या अप्पर लोबमध्ये दोनच दिसली तर ‘व्हेरिएशन’ म्हणून पुढे जाण्याआधी श्वासनलिकेत परत या आणि करायनाच्या वरच्या २ सेंटिमीटरमधली उजवी भिंत नीट पाहा. ट्रेकियल ब्रॉन्कस (थेट श्वासनलिकेतून निघणारा फाटा) साधारण ०.१ ते २ टक्के लोकांत असतो आणि बहुतेक वेळा इथेच निघतो. कधी एकटा बी१ वर सरकलेला, कधी अख्खा अप्पर लोब, कधी मूळ तीन शाबूत असून चौथा जादा. अशा रुग्णाच्या ट्यूबचा कफ त्या तोंडावर बसला तर अप्पर लोब आकसतो आणि ट्यूबची खोली बरोबर असूनही ऑक्सिजन का घसरतोय हे कोणाला कळत नाही. म्हणून आयसीयूमधल्या बेडसाइड ब्रॉन्कोस्कोपीत ट्यूबमधून थेट करायनावर उतरू नका. ट्यूबचं टोक आणि करायना यांच्यामधली भिंतही बघायची असते.

ट्यूबच्या मापाचं सोपं सूत्र: आतला व्यास स्कोपपेक्षा किमान २ मिलिमीटरने मोठा हवा. ६ मिलिमीटरच्या स्कोपला ८ ची ट्यूब. ७ च्या ट्यूबमधून तोच स्कोप घातलात तर हवा जायला जागा उरत नाही, व्हेंटिलेटरचा दाब चढतो, आणि घाईघाईत पाहिलेली अ‍ॅनाटॉमी चुकीची लिहिली जाते.

लिग्नोकेनचा (श्वासमार्ग बधिर करणारं औषध) हिशेब आधीच करून ठेवा. वरची मर्यादा किलोमागे ७ मिलिग्रॅम धरली तर ६० किलोच्या माणसाला ४२० मिलिग्रॅम. १ टक्का द्रावणाच्या प्रत्येक मिलिलीटरमध्ये १०, १० टक्के स्प्रेच्या एका फवाऱ्यात १०, नाकात घातलेल्या ५ मिलिलीटर २ टक्के जेलीत १००. जेली आणि स्प्रे हिशेबात धरायचे राहून जातात आणि तिथेच मात्रा ओलांडली जाते. म्हातारी माणसं, यकृताचा किंवा हृदयाचा आजार असेल तर मर्यादा आणखी खाली आणा.

---

श्वसन_निवासी

दोघांचेही मनापासून आभार. मनगट सरळ न करता इंटरमीडियसमध्ये उतरणं, नेमकं तेच होत होतं.

दोन शंका उरल्या. सीटी आधी पाहिलेला असतो, तरी ‘सीटीवर डावीकडे’ आणि ‘स्कोपमध्ये डावीकडे’ यांचा मेळ बसत नाही. दुसरं, तपासणी संपत आली की भिंतीवर लाल ठिपके दिसू लागतात. ते आधीचे की आपण केलेले?

---

पातळ_काप

सीटीचं उत्तर देतो. आडवा काप आपण रुग्णाच्या पायाकडून पाहतो. रुग्णाची पुढची बाजू वर, त्याची उजवी बाजू स्क्रीनच्या डावीकडे. डोक्यामागून स्कोप घातला तर पुढची बाजू वरच राहते, पण उजवं-डावं उलटतं. म्हणजे सीटी फक्त आडवा उलटवायचा. समोरून घातला तर उजवं-डावं सीटीसारखंच राहतं आणि पुढची बाजू खाली जाते. म्हणजे सीटी उभा उलटवायचा. बहुतेक व्ह्यूअरमध्ये ‘फ्लिप’चं बटण असतं. प्रोसिजरआधी तुमच्या उभं राहण्याच्या जागेप्रमाणे चित्र उलटवा आणि श्वासनलिकेपासून एकेक काप खाली सरकत जा. हा व्यायाम स्कोपशिवाय रोज करता येतो. त्यासाठी काप १ मिलिमीटरच्या आसपासचे हवेत, ५ मिलिमीटरच्या कापांत सेगमेंटचे देठ हरवतात. उलटवलेली प्रत सेव्ह करू नका, काम झालं की मूळ स्थितीत आणा.

खाली येताना दिशा लक्षात घ्या. कापाच्या पातळीत आडवे धावतात ते लांब नळीसारखे दिसतात: बी३ पुढे, बी६ मागे, मिडल लोबचे फाटे पुढे आणि तिरके. उभे धावणारे गोल ठिपक्यासारखे: बी१ आणि बेसल. मागे जाणारी पहिली आडवी नळी दिसली की लोअर लोब सुरू झाला, ती बी६. बेसलचे गोल ठिपके उजव्या बाजूला बी७ पासून बाहेरच्या कडेने मागे मोजत या.

गाठ असलेल्या सेगमेंटचा मार्ग फाट्याफाट्याने लिहून ठेवावा: ‘उजवा बी३, मग बी३-बी, आतला फाटा’. ५ ते ६ मिलिमीटरचा स्कोप चौथ्या-पाचव्या पिढीपर्यंतच (फाट्यांच्या पातळीपर्यंतच) दाखवतो. त्यापुढचा रस्ता दिसणार नाही, तो या टिपणावरूनच ठरवायचा.

---

स्कोप_रूम

एंडोस्कोपी टेक्निशियन. लाल ठिपक्यांचं सांगते.

सक्शन चालू असताना टोक भिंतीला लागलं की तिथली म्यूकोसा (आतलं अस्तर) चॅनलच्या (स्कोपमधली पोकळ वाट) तोंडात ओढली जाते आणि मोकळी झाल्यावर त्या मापाचा गोल लाल ठिपका राहतो. आकार ठरावीक आणि कडा स्पष्ट असतील, करायनांच्या टोकांवर किंवा वळणाच्या बाहेरच्या भिंतीवर असतील, तर ते स्कोपचेच समजा. खात्रीचा उपाय एकच: जाताना पाहा आणि फोटो घ्या, येताना नाही. सक्शन टोक पोकळीच्या मधोमध ठेवूनच, थोडं थोडं दाबत. शंका असलेल्या बाजूला आधी जाऊ नका. निरोगी बाजू पूर्ण बघा, मग आजाराची. स्राव आणि रक्त दुसरीकडे पसरण्याआधी निदान एक बाजू स्वच्छ पाहिलेली राहते.

सुरुवातीला पांढऱ्या गॉझवर व्हाइट बॅलन्स करा. तो केला नाही तर निरोगी म्यूकोसाही सुजल्यासारखी लालभडक दिसते आणि रिपोर्टमध्ये ‘कंजेस्टेड’ लिहिलं जातं. जेली नळीच्या बाजूला लावा, लेन्सला नाही. चित्र धूसर झालं तर टोक भिंतीला हलकेच टेकवून मागे घ्या किंवा चॅनलमधून थोडं सलाइन सोडा. पूर्ण लाल किंवा पांढरा पडदा दिसला म्हणजे टोक भिंतीवर टेकलंय, पुढे ढकलू नका, मागे या.

स्कोपची दांडी हँडलपासून नाकापर्यंत ताणलेली सरळ ठेवा. मध्ये झोळ पडला तर मनगट फिरवलेलं टोकापर्यंत पोचतच नाही, आणि मग शिकणारे लिव्हरवर जोर काढतात. अप्पर लोबमध्ये टोक पूर्ण वाकलेलं असताना बायोप्सी फोर्सेप्स (तुकडा घ्यायचा चिमटा) रेटू नका. ते अडकतं आणि चॅनलला आतून भोक पडतं. टोक सरळ असताना फोर्सेप्स टोकाच्या जरा आत आणून ठेवायचं, मग वाकवून आत शिरायचं.

---

करायना_आधी

चौथा प्रश्न राहिला होता.

नॉर्मल म्यूकोसा फिकट गुलाबी, ओलसर, खाली बारीक रक्तवाहिन्यांची जाळी. कड्यांच्या जागी ती पांढरट दिसते आणि कडी स्पष्ट मोजता येतात. कडी दिसेनाशी झाली तर सूज आहे. मुख्य करायना धारदार, मध्यभागी आणि श्वासाबरोबर हलणारी. बोथट, रुंद किंवा स्थिर करायना दिसली तर तिच्याखालच्या लसिकागाठी वाढल्यात का हे सीटीवर बघा. हृदयाचं डावं ॲट्रियम (वरचा कप्पा) मोठं असलं तरी ती रुंदावते.

खोकल्यात मागची भिंत आत येणारच. निम्म्याहून जास्त अरुंद झाली की ‘कोलॅप्स’ लिहायची पद्धत आहे, पण निरोगी माणसातही जोराच्या उच्छ्वासात तेवढं होऊ शकतं. लक्षणं जुळत नसतील तर त्या आकड्यावरून निदान लादू नका.

काळे डाग आपल्याकडे खूप दिसतात, विशेषतः वर्षानुवर्षं चुलीपुढे बसलेल्या बायकांमध्ये आणि बहुधा फाट्यांच्या जागी. सपाट डाग, भोवतीची म्यूकोसा गुळगुळीत, तोंड पूर्ण उघडं असेल तर ‘अँथ्रकोटिक पिगमेंटेशन’ एवढंच लिहा. पण डागाबरोबर तोंड आकसलेलं, ओढलेलं असेल, आणि ते बऱ्याचदा उजव्या मिडल लोबचं असतं, तर तो अँथ्रकोफायब्रोसिस. तिथे वॉशिंग (सलाइनने धुऊन नमुना) घ्या आणि टीबीसाठी पाठवा. हे दोन्ही एकाच शब्दात उरकले जातात, याचं फार वाईट वाटतं, कारण दुसऱ्या प्रकारातला टीबी अशाने निसटतो.

कूर्चेवर पांढरे कठीण दाणे असतील आणि मागची भिंत मोकळी असेल तर ती ऑस्टिओकॉन्ड्रोप्लास्टिका, घाबरण्यासारखं सहसा काही नाही.

रिपोर्टमध्ये ‘बोथ साइड्स नॉर्मल’ लिहू नका. जॅक्सन आणि ह्यूबर यांनी १९४३ साली मांडलेली सेगमेंटची नावं आजही चालतात. नाव आणि क्रमांक दोन्ही लिहिले की चूक लगेच पकडली जाते. जागा सांगताना दुय्यम करायनांचे संकेत वापरा: आरसी१ उजवा अप्पर लोब आणि इंटरमीडियसच्या मध्ये, आरसी२ मिडल आणि लोअर लोबच्या मध्ये, एलसी१ अप्पर डिव्हिजन आणि लिंग्युलाच्या मध्ये, एलसी२ डाव्या अप्पर आणि लोअर लोबच्या मध्ये. गाठ काढायची झाली तर सर्जनला ‘आरसी१ पासून इतक्या मिलिमीटरवर’ हे वाक्य हवं असतं. किती कापायचं, स्लीव्ह रिसेक्शन (नळीचा रोगट तुकडा काढून टोकं परत जोडणं) जमेल का, हे त्यावरच ठरतं.

क्रम ठरवून घ्या आणि बदलू नका: स्वरतंतू आणि त्यांची हालचाल, श्वासनलिका, करायना, मग एक पूर्ण बाजू वरून खाली, मग दुसरी. प्रत्येक सेगमेंटच्या तोंडाशी क्षणभर थांबून त्याचा क्रमांक मोठ्याने म्हणा. बाजूला उभी असलेली सिस्टर किंवा टेक्निशियन तो लिहून घेईल आणि कोणता राहिला ते स्कोप आत असतानाच कळेल.

बीएएलसाठी (सेगमेंटमध्ये सलाइन सोडून परत ओढून नमुना घेणं) जागा सीटीवर ठरत नसेल तर उजवा मिडल लोब किंवा लिंग्युला. रुग्ण उताणा असताना हे दोन्ही पुढच्या बाजूला, म्हणजे वर येतात आणि सोडलेलं सलाइन चांगलं परत मिळतं. याउलट उताण्या स्थितीत तोंडातला स्राव उतरतो तो उजव्या बी२ मध्ये आणि दोन्ही बी६ मध्ये. ॲस्पिरेशनची शंका असेल तर ही तीन तोंडं सक्शन करण्याआधी पाहून फोटो काढा.